पडद्यावर झगमगणारं मुखपृष्ठ छापून आलं की मळकं का दिसतं?

तक्रार दरवर्षी तीच असते, फक्त अंकाचं नाव बदलतं. सिनेमा विशेषांकाचं चित्रमय मुखपृष्ठ संगणकावर देखणं दिसत होतं: मांडवी नदीवरचं संध्याकाळचं निळं आकाश, जुन्या थिएटरच्या दर्शनी भागावरची गुलाबी निऑन अक्षरं, पुढे नायिकेचा मोठा चेहरा. छापील प्रत हातात आली तेव्हा आकाश वांगी रंगाचं झालेलं, निऑन विझलेलं आणि चेहऱ्यावर काळपट तांबूस झाक. तोवर सगळी छपाई उरकलेली असते. संपादक छापखान्यावर चिडतात, छापखाना म्हणतो, ‘फाइलच तशी होती’, आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या छापखान्यात हेच पुन्हा घडतं.

गोव्यात ही अडचण एका ठरावीक मोसमात येते. दिवाळी अंक ऑक्टोबरात हवा असतो. इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव २००४ पासून गोव्यातच भरतो आणि त्याचे विशेषांक नोव्हेंबरात निघतात. चतुर्थी आटोपेपर्यंत कुणी कामाला हात लावत नाही, त्यामुळे चित्र, मांडणी, मंजुरी आणि छपाई सगळं दाटीवाटीने होतं. या घाईत रंगाचा विचार सगळ्यात शेवटी होतो. फाइल छापखान्यात पाठवायच्या आदल्या रात्री फोटोशॉपच्या ‘मोड’मध्ये जाऊन सीएमवायके (सायन म्हणजे हिरवट निळा, मॅजेंटा म्हणजे गडद गुलाबी, पिवळा आणि काळा या छपाईच्या चार शायांची रंगपद्धत) केलं की काम झालं, असं मानलं जातं. दुखणं परत परत येण्याचं कारण मला इथेच दिसतं. छपाईला झेपणारे रंग चित्राला पहिला हात लावतानाच निवडावे लागतात. चित्र पुरं झाल्यावर ते बसवायला गेलात तर संगणक आपल्या हिशेबाने बसवतो, आणि नायिकेच्या गालावर तुम्हाला काय हवं होतं हे त्या हिशेबात कुठेच नसतं.

दोष कुठे आहे ते आधी ठरवा

छापखान्याशी बोलण्याआधी एक तपासणी करा. छपाईला पाठवलेली शेवटची फाइल उघडा. मूळ लेयरवाली (थर सुटे असलेली) नको, जी प्रत्यक्ष दिली तीच. फोटोशॉपमध्ये ‘व्ह्यू’ मेनूत ‘प्रूफ सेटअप’, त्यात ‘कस्टम’. ‘डिव्हाइस टू सिम्युलेट’मध्ये छापखान्याने दिलेलं प्रोफाइल, म्हणजे त्यांच्या कागद-शाईवर रंग कसे उतरतात ते सांगणारी फाइल, निवडा. दिलं नसेल आणि कागद आर्ट कार्ड (कोटिंग असलेला जाड कागद) असेल, तर तूर्त ‘कोटेड फोग्रा ३९’ घ्या, ते फोटोशॉपसोबतच येतं. फाइल अजून आरजीबी (पडद्याची लाल-हिरव्या-निळ्या प्रकाशाची रंगपद्धत) असेल तर ‘प्रिझर्व्ह नंबर्स’वर खूण नको. कंट्रोल-वायने प्रूफ, म्हणजे छपाईची पडद्यावरची नक्कल, चालू-बंद होतं. ते चालू ठेवा आणि छापील प्रत उजेडात शेजारी धरा.

पडद्यावरचं आकाशही आता वांगी दिसायला लागलं, तर दोष फाइलमध्ये आहे. छापखान्याने दिलं तेच छापलं. प्रूफमध्ये आकाश निळं राहतंय आणि छापील प्रतीतच वांगी आहे, तर छपाईत मॅजेंटा जास्त पडला किंवा कागद नि शाई यांचं काहीतरी बिनसलं. मग छापखान्याशी बोलायला तुमच्या हातात मुद्दा असतो. माझ्यापर्यंत येणाऱ्या फाइलींपैकी बहुतेक पहिल्या प्रकारातल्या असतात.

या तपासणीत पडदाच फसवा असेल तर निष्कर्षही फसवा निघतो. लॅपटॉपची ब्राइटनेस पूर्ण चढवून काम करणाऱ्यांची चित्रं छपाईत नेहमी काळवंडतात, कारण पडद्याच्या झगमगाटात त्यांनी सावल्या गरजेपेक्षा गडद केलेल्या असतात. पडद्याचे रंग मोजणारं यंत्र नसेल तर सोपा मार्ग असा: मागच्या वर्षीच्या अंकाची छापील प्रत आणि त्याच अंकाची फाइल घ्या, फाइल प्रूफसह उघडा, प्रत खिडकीच्या उजेडात पण थेट उन्हाबाहेर ठेवा, आणि दोन्ही जवळपास सारखी दिसेपर्यंत पडद्याची ब्राइटनेस उतरवत जा. पुढचं सगळं काम त्याच ब्राइटनेसवर करा. रात्री बल्बच्या पिवळ्या उजेडात रंग ठरवू नका.

निळं आकाश वांगी का होतं

पडद्यावरचा सगळ्यात तेज निळा म्हणजे आरजीबीत ०, ०, २५५. फोटोशॉपची मूळ सेटिंग्ज न बदलता तो सीएमवायकेत नेला की सायन ८८, मॅजेंटा ७७, पिवळा ० आणि काळा ० असे टक्क्यांतले आकडे येतात. कागदावर हा रंग जांभळाच दिसतो. पडदा निळ्या प्रकाशाने निळा दाखवतो, पण छपाईत निळी शाई म्हणून काही नसतं. सायन आणि मॅजेंटा एकावर एक पडून निळ्याचा भास तयार होतो. मॅजेंटा सायनच्या जवळ पोचला की पारडं जांभळ्याकडे झुकतं.

छपाईतल्या माणसांचा यावर एक जुना ठोकताळा आहे: निळ्यात मॅजेंटा सायनपेक्षा निदान ३० टक्क्यांनी कमी ठेवा. गडद संध्याकाळी आकाशासाठी सायन १००, मॅजेंटा ६०, काळा १५ ते २०. क्षितिजाकडे उतरताना सायन ६०, मॅजेंटा २०. आकाश जांभळंच हवं असेल तर जरूर करा, पण ते तुमच्या मर्जीने व्हावं.

चित्र आधीच रंगवून झालं असेल तर रूपांतराच्या आधी, आरजीबीत असतानाच, ‘ह्यू/सॅच्युरेशन’ची (रंगछटा आणि रंगाची तीव्रता बदलणारी) अॅडजस्टमेंट लेयर घ्या. त्यात ‘ब्लूज’ निवडा आणि ह्यू उणे १० ते उणे २० पर्यंत, म्हणजे सायनच्या बाजूला सरकवा. हे प्रूफ चालू ठेवून करायचं. पुष्कळजण इथे नुसतं सॅच्युरेशन कमी करतात. त्याने जांभळं आकाश फिकट जांभळं होतं, निळं होत नाही.

मॉन्सूननंतरच्या भातशेतीचा पोपटी हा आपल्याकडच्या मुखपृष्ठांत वारंवार येणारा दुसरा रंग. पडद्यावरचा पूर्ण हिरवा (०, २५५, ०) सायन ६३ आणि पिवळा १०० असा उतरतो. तो हिरवाच राहतो, पण पडद्यावरचं तेज जातं. त्याला मी फार झगडत नाही. पिवळा १०० ठेवून सायन ३५ ते ५० च्या दरम्यान खेळवला आणि मॅजेंटा शून्य ठेवला की शेत ताजं दिसतं. मॅजेंटाचे ८-१० टक्के जरी शिरले तरी पोपटीची ओलसर चमक जाते.

निऑन: चार शायांत नसलेला रंग

सिनेमाच्या मुखपृष्ठावर प्रकाश हाच खरा विषय असतो. पडद्यावरून पडणारा झोत, तिकीट खिडकीवरचा दिवा, निऑनची पाटी, फ्लॅशचा लखलखाट. नेमकी हीच जागा छपाईत सगळ्यात आधी कोसळते, कारण कागद स्वतः प्रकाश देत नाही. चित्रातली सगळ्यात उजळ जागा म्हणजे कोऱ्या कागदाचा पांढरा, त्यापलीकडे काही नाही.

गुलाबी निऑनचं उदाहरण घेऊ. आरजीबीत २५५, ०, २५५ हा रंग डोळ्यांत भरतो. मूळ सेटिंग्जवर त्याचं रूपांतर साधारण सायन २७, मॅजेंटा ८२ असं होतं. संगणकाने मूळ रंगछटा जपायच्या नादात त्यात सायन घातला, आणि तो सायनच गुलाबीला मळवतो. त्याऐवजी अक्षराच्या कडेला मॅजेंटा ९५ ते १०० आणि बाकी सगळं शून्य ठेवा. चार शायांच्या छपाईला जमणारा सगळ्यात तेज गुलाबी म्हणजे एकटी मॅजेंटा शाई. निऑनच्या नळीचा गाभा जवळजवळ पांढरा, मॅजेंटा १० पेक्षा कमी. मग भोवतीचं वलय, आणि वलयाबाहेरची भिंत जाणूनबुजून गडद आणि करडी: सायन ८०, मॅजेंटा ६०, पिवळा ४०, काळा ३० च्या आसपास. उजेड दिसतो तो या तफावतीमुळे. भिंतही निळी-जांभळी झगमगीत ठेवली तर शेजारची मॅजेंटा कितीही भरली तरी पेटत नाही. एका मुखपृष्ठावर पूर्ण तेजाचा एकच रंग ठेवायचा आणि बाकीच्यांनी त्याच्यासाठी मागे सरायचं, असं मी ठरवून करतो, आणि नवशिक्यांना पहिली गोष्ट हीच सांगतो.

मराठी मुखपृष्ठांची परंपरा या बाबतीत श्रीमंत आहे, आणि तिचे दोन मोठे मानकरी गोव्याचे. दीनानाथ दलाल १९१६ साली मडगावात जन्मले. १९४५ साली त्यांनी ‘दीपावली’ हे नियतकालिक सुरू केलं. रघुवीर मुळगावकर अस्नोड्याचे, १९१८ चे. पडद्यावर पाहून रंग ठरवायची सोयच त्यांच्या काळात नव्हती. चित्र मुळात रंग आणि कागद यांचंच असायचं, त्यामुळे उजेड दाखवायचा तर कागद मोकळा सोडून किंवा शेजारी गडद टाकूनच. दलालांची जुनी मुखपृष्ठं कुठे बघायला मिळाली तर चमकदार जागांच्या लगत काय रंगवलंय तेवढंच शोधत जा. मुळगावकरांचं वैशिष्ट्य म्हणजे स्प्रेने उतरवलेल्या मुलायम छटा. आज तसं काम करणाऱ्यांना एक वेगळी अडचण छळते. मऊ ब्रशने केलेली लांबलचक छटा आठ बिटच्या (छटांच्या पायऱ्या कमी असलेल्या) फाइलीत पट्ट्यापट्ट्यांची दिसते, आणि छपाईत त्या पट्ट्या आणखी उठून येतात. आकाश आणि गाल यांच्या छटा १६ बिटच्या फाइलीत काढा, आणि शेवटी त्या लेयरवर एक-दोन टक्के ‘नॉइज’ घाला. पट्ट्या नाहीशा होतात आणि जुन्या स्प्रेची खरखरही थोडीशी उतरते, ती मला आवडते.

खरोखरच झळकणारा नारिंगी किंवा फ्लोरोसंट गुलाबी हवा असेल तर पाचवा, वेगळा रंग म्हणून शाई लावून घेता येते. मशीनला पाचवं युनिट असेल तर एका फेरीत होतं, नसेल तर कागद पुन्हा चालवावा लागतो. खर्च वाढतो. लहान अंकांनी त्याच्या मागे न लागता वर सांगितलेल्या मार्गाने जावं, असं माझं मत आहे.

रूपांतराच्या क्षणी चित्र का बदलतं

कित्येकांचा अनुभव असा की ‘मोड’ बदलताच पडद्यावरच दिव्याचा झोत कापसासारखा पांढुरका होतो किंवा त्याची कड दिसायला लागते. त्याचं कारण ‘स्क्रीन’, ‘कलर डॉज’, ‘लिनियर डॉज’ हे लेयर एकमेकांत मिसळण्याचे प्रकार. ते आरजीबीत प्रकाशाचे आकडे मिसळतात. सीएमवायकेत शाईचे आकडे मिसळले जातात आणि उत्तर वेगळं येतं. म्हणून लेयरसकट रूपांतर करू नका. लेयरवाली आरजीबी फाइल जपून ठेवा, तिची प्रत काढा, प्रत ‘फ्लॅटन’ करा (सगळे लेयर एकत्र सपाट करा) आणि मगच तिचं रूपांतर करा.

रूपांतरही ‘इमेज, मोड’ मधून नको. ‘एडिट’ मेनूत ‘कन्व्हर्ट टू प्रोफाइल’ आहे, तिथे छापखान्याचं प्रोफाइल निवडता येतं. ‘मोड’ मधून गेलात तर ‘कलर सेटिंग्ज’मध्ये जे काही बसलेलं आहे ते लागू होतं, आणि कुणी हात लावला नसेल तर ते अमेरिकेतल्या वेब ऑफसेटचं (कागदाच्या रिळावर छापणाऱ्या मशीनचं) प्रोफाइल असतं. तुमचं मुखपृष्ठ बहुधा शीटफेड (सुटे कागद घेणाऱ्या) मशीनवर आर्ट कार्डवर छापलं जाणार असतं. त्याच चौकटीत ‘इंटेंट’, म्हणजे छपाईला न झेपणारे रंग कसे बसवायचे याची पद्धत, निवडायचा असतो. आकाशाच्या आणि निऑनच्या छटा जपायच्या असतील तर ‘पर्सेप्च्युअल’ करून बघा. चित्र मुळातच छपाईच्या आवाक्यातल्या रंगांत काढलेलं असेल तर ‘रिलेटिव्ह कलरिमेट्रिक’ आणि ‘ब्लॅक पॉइंट कॉम्पेन्सेशन’ चालू, हे जास्त प्रामाणिक उत्तर देतं. दोन्ही करून पाहायला मिनिटही लागत नाही.

चित्र काढतानाच प्रूफ पाहायची सवय लावली तर हा क्षण कुणालाच घाबरवत नाही. ‘विंडो, अरेंज’ मधून त्याच फाइलची दुसरी खिडकी उघडा. एका खिडकीत प्रूफ चालू, दुसरीत बंद. रंगवा प्रूफच्या खिडकीत. दुसरी खिडकी दिवसातून एकदा पाहायला ठीक, सतत शेजारी ठेवली तर डोळा तिच्याच लोभात पडतो. ‘सिम्युलेट पेपर कलर’ चालू करताना नजर क्षणभर दुसरीकडे वळवा. बदल डोळ्यादेखत झाला की सगळं चित्र मेल्यासारखं वाटतं. नजर परत आणल्यावर डोळे नव्या पांढऱ्याला सरावतात.

फोटोशॉपऐवजी क्रिता हा चित्रकलेचा प्रोग्रॅम वापरत असाल तर त्यात नवी फाइल घेतानाच सीएमवायके आणि प्रोफाइल निवडता येतं, प्रूफही दिसतं. गिम्प ३ मध्ये काम आरजीबीतच करायचं, पण प्रूफसाठी प्रोफाइल देता येतं आणि टिफ फाइल सीएमवायकेत निर्यात करता येते. आयपॅडवर प्रोक्रिएट वापरणाऱ्यांनी कॅनव्हास तयार करतानाच रंगाचं प्रोफाइल बघावं. बऱ्याच तयार आकारांना ‘डिस्प्ले पी३’ असतं, ते पडद्यासाठीच आहे, आणि आरजीबीत सुरू केलेला कॅनव्हास तिथे नंतर सीएमवायकेत बदलता येत नाही.

चेहरा

मुखपृष्ठावर आकाश थोडं चुकलं तर वाचक माफ करतो, चेहरा चुकला तर नाही. इन्फो पॅनेल उघडा (एफ ८), त्यात दुसरा रकाना सीएमवायकेचा ठेवा, आणि गाल, कपाळ, गळा इथे आयड्रॉपर फिरवून आकडे वाचा. आपल्याकडच्या सावळ्या-गव्हाळ चेहऱ्यांना पिवळा मॅजेंटापेक्षा थोडा जास्त हवा आणि सायन मॅजेंटाच्या साधारण एक तृतीयांश ते निम्म्यापर्यंत. उदाहरणार्थ गालाचा मध्यम भाग सायन २५, मॅजेंटा ५०, पिवळा ६०. कपाळावरचा उजेड मॅजेंटा २०, पिवळा २८, सायन ५ च्या आत. मॅजेंटा पिवळ्याच्या पुढे गेला की चेहरा उन्हात भाजल्यासारखा दिसतो. सायन वाढला की राखाडी पडतो.

डिजिटल चित्रकारांची एक सवय इथे नडते. त्वचेवरच्या सावल्या निळ्या किंवा जांभळ्या रंगात ‘मल्टिप्लाय’ (खालचा रंग गडद करणाऱ्या) लेयरवर काढायच्या. पडद्यावर त्या फार सुंदर दिसतात, मलाही मोह होतो. छपाईत मात्र त्वचेच्या पिवळ्या-मॅजेंटावर सायनचा थर पडला की तिन्ही शाया मिळून करडा तयार होतो आणि हनुवटीखाली चिखल दिसतो. सावली तांबूस तपकिरीत घ्या, सायन आवरता घ्या, खोली हवी तिथे थोडा काळा वापरा. सिनेमातला निळा झोत चेहऱ्यावर हवाच असेल तर अर्धा चेहरा सरळ निळा रंगवा, त्या भागातली त्वचा पुसूनच टाका. अर्धवट मिश्रण करू नका.

शाई किती आणि हवा कशी

इन्फो पॅनेलमध्येच ‘टोटल इंक’ दाखवायचा पर्याय आहे. म्हणजे चारी शायांच्या टक्क्यांची बेरीज. आर्ट कार्डवर छापताना ती ३०० च्या वर जाऊ देऊ नये, असं बहुतेक छापखाने सांगतात. कोटिंग नसलेल्या कागदाला मर्यादा आणखी खाली. आरजीबीतला पूर्ण काळा (०, ०, ०) मूळ सेटिंग्जवर ७५, ६८, ६७, ९० असा होतो, म्हणजे बेरीज बरोबर ३००. आधीच काठावर. मल्टिप्लायच्या थरांवर थर देऊन, पुढे सीएमवायकेत आणखी गडद केलं की ३२०-३४० सहज होतात.

गोव्यात हा आकडा मी जास्त कडकपणे पाळतो. दिवाळी अंकाची छपाई पावसाळा सरता सरता होते, हवेत दमटपणा भरपूर असतो, आणि दमट हवेत शाई सावकाश वाळते. जड शाईचा कागद गठ्ठ्यात दबला की वरच्या कागदाच्या पाठीला डाग लागतात. ते टाळायला मशीनवर शाई आवरली जाते, आणि ती फक्त काळ्या भागापुरती आवरता येत नाही. सगळं मुखपृष्ठ फिकं पडतं. वर कागद हवेतला ओलावा शोषून फुगतो, मग चार रंग एकमेकांवर नेमके बसत नाहीत. म्हणून मोठ्या काळ्या पार्श्वभूमीसाठी सायन ४०, मॅजेंटा ३०, पिवळा ३०, काळा १०० एवढं पुरतं, बेरीज २००. असा चार शायांचा काळा असेल तर त्यात बारीक पांढरी अक्षरं कोरू नका, रंग जरासा सरकला की ती भरून जातात. कागद आधी येऊन छापखान्याच्या हवेत वेष्टनासकट एक-दोन दिवस राहिला आणि छपाईनंतर लॅमिनेशनला पुरेसा वेळ मिळाला, तर निम्मे त्रास वाचतात. हा वेळ संपादकांकडून आधीच मागून घ्यावा लागतो.

लॅमिनेशन कोणतं तेही रंगवण्याआधी विचारा. ग्लॉसने गडद भाग आणखी खोल दिसतात. मॅटने काळा करडा वाटतो आणि रंग एक पायरी उतरतात. रात्रीच्या दृश्याला मॅट लावायचं ठरलं असेल, तर सावल्यांमधले तपशील थोडे उघडे आणि रंगांमधली तफावत थोडी जास्त ठेवा.

अंकाचं नाव नि बाकीचा मजकूर

हा भाग थोडक्यात. मुखपृष्ठावरची अक्षरं फोटोशॉपमध्ये चित्रासोबत सपाट करू नका. इंचाला ३०० पिक्सेलच्या चित्रात ती कडेला धुरकट होतात, आणि काळी अक्षरं चार शायांत फुटतात. चित्र टिफमध्ये द्या, अक्षरं इनडिझाइन, इलस्ट्रेटर किंवा स्क्रायबसमध्ये वर बसवा, लहान काळा मजकूर फक्त काळ्या शाईत आणि ‘ओव्हरप्रिंट’वर (खालचा रंग न कापता त्यावरच छापला जाईल असा). आकार ए४ असेल तर चारी बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड (कापताना जाणारी जादा जागा) धरून २१६ गुणिले ३०३ मिलिमीटर, म्हणजे इंचाला ३०० पिक्सेल धरून साधारण २५५१ गुणिले ३५७९ पिक्सेल.

फोटोशॉपमध्येच देवनागरी लिहायची वेळ आली आणि ‘चित्रपट’मधली वेलांटी भलत्या अक्षरापुढे गेली, जोडाक्षरं सुटी पडली, तर फाँट बदलत बसू नका. प्रेफरन्सेसमध्ये ‘टाइप’ विभागात मजकुराच्या इंजिनाचा पर्याय असतो. जुन्या आवृत्त्यांत ‘मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन’ निवडा, फोटोशॉप बंद करून उघडा आणि नवी फाइल घ्या. नव्या आवृत्त्यांत परिच्छेदाच्या पॅनेलच्या मेनूत ‘वर्ल्ड-रेडी लेआउट’ निवडा. हे सगळं युनिकोड फाँटना लागू. संपादकांनी मजकूर श्रीलिपीच्या जुन्या फाँटमध्ये पाठवला असेल तर तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो. मुक्त वापराचा भक्कम फाँट हवा असेल तर ‘मुक्ता’ किंवा ‘बलू’ बघा.

मंजुरी फोनवर होते, तिथलं काय

मुखपृष्ठ संपादक मंडळाच्या गटात व्हॉट्सअॅपवर जातं, सगळे आपापल्या फोनच्या झळाळत्या पडद्यावर बघतात, ‘फारच सुंदर’ म्हणतात, आणि त्यांच्या मनात तोच झळाळ बसतो. छापील प्रत त्याच्यापुढे टिकूच शकत नाही. मी मंजुरीसाठी आरजीबी फाइल पाठवतच नाही. सपाट प्रत छापखान्याच्या प्रोफाइलमध्ये नेतो, तिथून परत एसआरजीबीत (पडद्यांच्या सर्वसाधारण प्रोफाइलमध्ये) आणतो आणि तिची जेपीजी करतो. छपाईत जे रंग गळणार ते यात आधीच गळलेले असतात, त्यामुळे फोनवरही जवळपास खरं चित्र दिसतं. ती ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, फोटो म्हणून पाठवली की दाबली जाऊन छटा तुटतात. झेरॉक्सच्या दुकानातल्या रंगीत लेझर प्रिंटवर मंजुरी घेऊ नका. ती मांडणी आणि शुद्धलेखन तपासायला चांगली, पण टोनरचे रंग ऑफसेटच्या शाईसारखे पडत नाहीत.

मशीनवर उभे राहाल तेव्हा

शक्य असेल तर पहिला कागद निघताना छापखान्यात हजर राहा. ओला कागद वाळलेल्यापेक्षा जास्त चमकदार दिसतो, तेव्हा लगेच ‘थोडं कमी करा’ म्हणू नका. आधी चेहरा बघा, मग करडे भाग, मग आकाश.

इथे मशीनची एक मर्यादा माहीत असावी. ऑफसेटवर शाई कमी-जास्त करायच्या चाव्या कागदाच्या रुंदीवर ओळीने असतात, आणि एक चावी कागदाच्या धावण्याच्या दिशेने पूर्ण पट्टा सांभाळते. आकाशातला जांभळेपणा काढायला ऑपरेटरने त्या पट्ट्यातला मॅजेंटा उतरवला, तर त्याच पट्ट्यात खाली असलेल्या चेहऱ्यातूनही मॅजेंटा जातो आणि नायिका हिरवट दिसू लागते. वर आकाश आणि खाली चेहरा ही तर सिनेमाच्या मुखपृष्ठाची नेहमीचीच मांडणी. मोठ्या कागदावर तुमच्या मुखपृष्ठाशेजारी त्याच पट्ट्यात दुसऱ्या कुणाचं काम छापलं जात असेल तर ऑपरेटरचे हात आणखी बांधलेले असतात. म्हणून मुखपृष्ठ कागदावर कोणत्या दिशेने लावणार आणि शेजारी काय असणार हे फाइल देतानाच विचारून ठेवा, मशीनवर चेहरा जुळवून घ्या, आणि आकाशाचा निळा फाइलमध्येच पक्का करून या.